‘तुझं गाव कोणतं?’ याला उत्तर नसलेल्या मुलांच्या गोष्टी मराठीत कधी येणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत मुलं वाचत नाहीत, मोबाईलमधून डोकं वर काढत नाहीत असा लेख आला होता. तो वाचून दोन दिवस डोक्यात तेच चालू होतं, कारण माझा अनुभव अगदी उलटा आहे आणि तो कुणीतरी सांगायला हवा म्हणून लिहितेय. पत्र मोठं होणार, जागा नसेल तर कापा, पण मधला वळिवड्याचा आणि शेवटचा ट्रंकेचा भाग तेवढा राहू द्या ही विनंती.

मी रिटायर्ड शिक्षिका आहे, राहते नाशिकच्या उपनगर भागात. पुढच्या खोलीत पुस्तकांची दोन कपाटं आहेत, दर शनिवारी दुपारी चार ते सहा आजूबाजूची मुलं येतात, पुस्तक बदलून नेतात, काही तिथेच फतकल मारून वाचत बसतात. तोफखान्याचं केंद्र जवळ असल्यामुळे जवानांची मुलं पण येतात, ती दोन तीन वर्षं येतात आणि मग बदली झाली की एक दिवस पुस्तक परत द्यायला येतात ते शेवटचंच.

त्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलीमुळे हे पत्र. तिने माझ्याकडची एक कादंबरी तीनदा नेली, इंग्रजीतून मराठीत आलेली, दुसऱ्या महायुद्धात लंडनमधून खेड्यात पाठवलेल्या मुलीची. हे खरंच झालेलं आहे, सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा पहिल्या तीन चार दिवसांत इंग्लंडमध्ये जवळपास १५ लाख माणसं शहरातून बाहेर हलवली, त्यात निम्म्याहून जास्त शाळकरी मुलं, कोटाला नावाची चिठ्ठी टाचलेली, हातात गॅसमास्कचा डबा, आणि स्टेशनवर अनोळखी लोक येऊन ‘हा चालेल, ती नको’ असं करून त्यांना घरी नेत. तर तिसऱ्यांदा पुस्तक परत देताना ही मुलगी मला म्हणाली, आजी, ती युद्ध संपल्यावर आईकडे परत जाते पण तिला तिथे आता आपलं वाटतच नाही, मग तिचं गाव कोणतं झालं?

मला पटकन काही सुचेना. मग तीच म्हणाली, मला पण सगळे हेच विचारतात. पप्पांचं गाव जतकडे, आई बेळगावची, माझा जन्म पठाणकोटचा, शाळा ही पाचवी. मी काय सांगू? आणि मग सरळ विचारलं, असं आपल्या इकडचं पुस्तक आहे का, मराठी मुलीचं?

संपादक साहेब, आपल्याकडे नवीन माणूस भेटला की नावानंतरचा पहिला प्रश्न गाव कोणतं हाच असतो. शाळेत, लग्नात, एस्टीत शेजारी बसलेल्याला, सगळीकडे. गाव सांगितलं की माणूस लगेच कुठेतरी बसतो, अरे मग तुम्ही आमच्या मावशीकडचे, असं होतं. युद्ध मुलांचं नेमकं हेच काढून घेतं. बाप जातो, घर जातं, आणि कधीकधी घर जागेवर असतं पण त्यातली माणसं ओळखू येईनाशी होतात. माझ्या मते मुलांसाठी युद्धावर लिहायचं ते याबद्दल लिहायला पाहिजे.

मी दोन्ही कपाटं उपसली. शिवकाल भरपूर, क्रांतिकारकांची चरित्रं, परमवीरचक्र विजेत्यांची पुस्तकं, सगळी चांगली आणि मुलं ती मनापासून वाचतात, मी कमी लेखत नाहीये. पण ही सगळी जो लढायला गेला त्याची पुस्तकं आहेत. त्याच्या मागे जे घर राहिलं, त्या घरात सात वर्षांचं पोर होतं, त्याला काय वाटलं, ते कुठेच नाही. दुकानांत विचारलं, एका प्रकाशकांना फोन केला (नाव घेत नाही), ते म्हणाले मॅडम, युद्ध म्हटलं की मुलांना लढाई पाहिजे, घरातली रडारड कोण वाचणार. मी त्यांना एवढंच सांगितलं की एका मुलीने तीनदा वाचलंय. पुढे ते काही बोलले नाहीत आणि मीही फोन ठेवला.

आता घरातलं म्हणजे नेमकं काय ते माझ्याच घरातून सांगते.

माझे आजोबा सिन्नर तालुक्यातले, १९४१ ला मराठा पलटणीत भरती झाले, तेव्हा माझे वडील जेमतेम वर्षाचे. दुसऱ्या महायुद्धात २५ लाखांच्या वर हिंदी सैनिक होते, सगळे भरती होऊन आलेले, सक्ती कुणावर नव्हती, पण दुष्काळी भागातल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराला पगाराची नोकरी म्हणजे ती भरती किती मर्जीची हेही मुलांना कळायला हवं. आजोबा गेले, वर्षभराने त्यांचा धाकटा भाऊ पण गेला. आजी घरी, सासू, जाऊ, एक पोर, दोन बैल. आजी विड्या वळायची, सिन्नरला तेव्हाही तोच धंदा होता आणि अजून आहे.

पगारातली ठरलेली रक्कम मनिऑर्डरने यायची. आजी सांगायची, मनिऑर्डर आली म्हणजे माणूस जिता. पैशांपेक्षा त्या मनिऑर्डरवरचा शिक्का ती आधी बघायची, वाचता येत नव्हतं तरी. पत्र आलं की शाळेच्या मास्तरांकडे न्यायचं आणि ते मास्तर ओट्यावर सगळ्यांसमोर मोठ्याने वाचणार, म्हणजे नवऱ्याने बायकोला लिहिलेलं सगळं आधी गावाला कळणार. त्यामुळे आजोबा पत्रात बायकोला काही लिहायचेच नाहीत, बैलांना लिहायचे. ढवळ्या बरा आहे का, पवळ्याला फार जुंपू नका. आजीला त्यातलं कळायचं. पलटण कुठे आहे ते लिहायला बंदी, पत्रं सेन्सॉर व्हायची, त्यामुळे माणूस आफ्रिकेत आहे का इटलीत ते घरच्यांना ठाऊक नाही, ‘मी समुद्रापलीकडे खुशाल आहे’ एवढंच.

आणि तार. तार आली म्हटलं की बाया वाचायच्या आधीच रडायला लागायच्या. १९४४ मध्ये घरी तार आली, धाकट्याची. आजीने किती वेळा सांगितलंय मला, तार दारात आली तेव्हा तिला एक क्षण वाटलं, दोघांपैकी कुणाची, आणि नाव कळल्यावर तिला सुटल्यासारखं झालं, आणि त्या सुटल्यासारखं होण्याचं तिला आयुष्यभर वाईट वाटत राहिलं. जाऊ इथेच चुलीपाशी बसलेली होती ना. मला सांगा, ही रडारड आहे का? बारा वर्षांच्या मुलीला हे कळत नाही का? नीट लिहिलं तर मोठ्यांपेक्षा जास्त कळतं.

आजोबा १९४६ ला परत आले. वडील सहा वर्षांचे, दारात खाकीतला उंच माणूस बघून आजीच्या पदरामागे लपले आणि मग कुणीतरी ढकललं तर पुढे येऊन म्हणाले, मामा आले. कारण घरी येणारा बाप्या माणूस म्हणजे आईचा भाऊ, एवढंच त्यांना माहीत होतं. आजोबा काही बोलले नाहीत, बूट काढून गोठ्यात गेले. पुढे पोळ्यापर्यंत वडील त्यांना काहीच म्हणायचे नाहीत, हाकच मारायचे नाहीत, पोळ्याला बैल सजवताना पहिल्यांदा दादा म्हणाले. सात आठ महिने गेले त्यात. मुलांच्या युद्धकथांमध्ये बाप परत येतो, मिठी मारतो आणि पुस्तक संपतं. खरी गोष्ट तिथून पुढे सुरू होते.

इटलीचा विषय निघालाच आहे तर. आपल्या शेजारी संगमनेर तालुक्यात निमज आहे, तिथले नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५, इटलीत सेनिओ नदी. बरोबरचे बहुतेक सगळे पडले, हे कंपनीत निरोप्याचं काम करणारे, तर आधी दोन जखमी सोबत्यांना एकेक करून खोल पाण्यातून, चढावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून पाठीवर घेऊन आले, आणि नंतर परत जाऊन एकट्याने मशिनगनचे अड्डे उडवले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, शौर्यासाठीचा ब्रिटिशांचा सगळ्यात मोठा सन्मान. नाशिकहून निमज दोन तासांवर आहे, पण माझ्याकडे येणाऱ्या चाळीस मुलांपैकी एकालाही हे नाव माहीत नव्हतं. आणि मला त्या मशिनगनपेक्षा पाठीवरची ती दोन माणसं जास्त महत्त्वाची वाटतात, मुलांनाही तीच लक्षात राहिली. दुसऱ्या दिवशी पाठीवर घेऊन पळायचा खेळ सुरू झाला आमच्या गल्लीत.

आता वळिवडे. कोल्हापूरजवळ. हे मी मुलांना सांगितलं तेव्हा दोन शनिवार दुसरं काही वाचलंच गेलं नाही.

पोलंडच्या पूर्व भागातून १९४० आणि ४१ मध्ये रशियाने लाखो लोक सैबेरिया, कझाकस्तानकडे हाकलले, रात्री दार वाजवून, हाताला येईल ते घ्या आणि चला. पुढे जून १९४१ ला जर्मनीने रशियावरच हल्ला केला, मग या लोकांना सोडायचं ठरलं, ते मिळेल त्या वाटेने दक्षिणेला आले, इराणच्या किनाऱ्याला उतरले, कितीतरी वाटेतच गेले. त्यातले काही हिंदुस्थानात आले. हजाराच्या आसपास मुलं, बरीचशी अनाथ, जामनगरच्या राजांनी, जामसाहेबांनी, जवळच्या बालाचडी गावी ठेवून घेतली आणि कोल्हापूर संस्थानात वळिवड्याला १९४३ पासून सुमारे ५ हजार पोलिश लोकांची वसाहत झाली, त्यात बायका आणि मुलंच जास्त. बराकी, शाळा, चर्च, नाटकं, स्काऊट, सगळं. पंचगंगेच्या काठची उसाची शेतं आणि त्यात सोनेरी केसांची पोरं. १९४८ पर्यंत ती तिथे होती. काहींना कायमचं तिथेच राहावं लागलं, कोल्हापुरात त्यांची दफनभूमी आहे, महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ आहे आणि पोलंडमध्ये वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे.

याच्या पुढचं फार कमी लोक सांगतात. पोलिश लोक गेले आणि त्याच बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं राहायला आली. आजचं कापडाच्या बाजाराचं गांधीनगर ते हेच. म्हणजे एकच खोली, एकच खिडकी, त्या खिडकीत आधी सैबेरियातून आलेली मुलगी बसली होती आणि थोड्याच काळाने सक्कर नाहीतर शिकारपूरहून आलेला मुलगा येऊन बसला. दोघांनाही मातृभाषेत बोलणारं बाहेर कुणी नाही. दोघांच्याही आया परत जायची किल्ली जपून ठेवणार. समजा भिंतीवर त्या मुलीने पेन्सिलीने काही लिहून ठेवलेलं या मुलाला सापडलं, भाषा कळत नाही पण कुठल्या तरी मुलीने उंचीच्या रेघा मारल्यात हे कळतं, तारखा आहेत, आणि पाच वर्षांत ती केवढी वाढली ते दिसतं. अहो याच्याहून वेगळी कादंबरी काय असते! आणि तिसरा कोपरा म्हणजे गावातलं मराठी पोर, दूध घालायला जाणारं, ज्याने दोघांनाही पाहिलं. त्याला लिहू दे ही गोष्ट. पोलिश मुलांनी मोठेपणी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या, त्यांच्या भाषेत वळिवडे आहे. आमच्या भाषेत मुलांसाठी ते कुठे आहे?

आणि हे एकट्या वळिवड्याचं नाही. कल्याणची लष्करी छावणी युद्धानंतर रिकामी झाली आणि तिचं उल्हासनगर झालं. भोपाळजवळ बैरागढला इटलीचे युद्धकैदी होते, तिथेही पुढे सिंधी निर्वासितच आले. आपल्या देवळाली कॅम्पात कितीतरी सिंधी घरं आहेत, त्यांच्या आजीआजोबांना कुणी विचारलंय का की तुम्ही उतरलात तेव्हा पहिल्या रात्री काय खाल्लं?

देवळालीचं तर किती सांगावं. ब्रिटिश शिपायांचा तिथे मोठा ट्रान्झिट कॅम्प होता, बोटीची वाट बघत पडून राहायचे, काही जण त्या वाट बघण्याने भ्रमिष्ट व्हायचे म्हणून इंग्रजीत वेड्याला ‘डूलाली’ म्हणतात तो शब्द आपल्या या गावावरून गेला. युद्धात शत्रुदेशाचे नागरिक म्हणून धरलेले जर्मन लोक नगरला, देवळालीला ठेवले होते, नंतर डेहराडूनला हलवले. बायकामुलं असलेली काही कुटुंबं तर पुरंदरच्या गडावर होती. त्यात हिटलरच्या छळातून जीव वाचवून आलेले ज्यू पण होते, सुरुवातीला त्यांनाही जर्मन म्हणूनच नगरच्या छावणीत टाकलं, म्हणजे ज्यांच्यापासून पळाले त्यांच्याच शेजारी खाट. अशा घरातलं आठ नऊ वर्षांचं मूल कोणत्या बाजूचं?

परकीयांचं सोडा. १९६२ च्या चीन युद्धात आपण स्वतः हे केलंय. आसाम, बंगालकडे पिढ्यान्‌पिढ्या राहणारे चिनी वंशाचे सुमारे ३ हजार लोक, मुलंबाळं, म्हातारे, आगगाडीत बसवून राजस्थानात देवळीच्या छावणीत ठेवले (आपल्या देवळालीशी गल्लत करू नका, ती देवळी वेगळी), काही जण तर कित्येक वर्षं तिथे होते. इथेच जन्मलेली, इथल्याच शाळेत शिकलेली पोरं ती. हे मुलांना सांगायचं का असं एका पालकांनी मला विचारलं, देशाबद्दल वाईट मत होईल म्हणाले. मला नाही वाटत तसं. मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगा फक्त एवढंच म्हणाला, मग त्यांच्या वर्गातल्या बाकाचं काय झालं, तिथे कोण बसलं? ज्या मुलाला रिकाम्या बाकाची आठवण येते त्याचं देशावरचं प्रेम कमी होत नसतं.

आपल्या नाशिकचीच अजून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. १९१७ ला १११ वी महार पलटण उभी केली, युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. जरूर होती तेव्हा शिपाई, जरूर संपली की परत गावकुसाबाहेर. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वात काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही. मग ऑक्टोबर १९४१ ला दुसरं युद्ध चालू असताना महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली. समजा पंचवटीत राहणारी एक दहा वर्षांची मुलगी आहे, आजोबांनी पहिल्या युद्धात वर्दी घातली, बापाने दुसऱ्या, घरात खुंटीला मेडल आहे आणि हाकेच्या अंतरावर मंदिर आहे ज्यात जाता येत नाही. देश आपला म्हणून बाप गेला, मग हे दार कुणाचं? ही गोष्ट माझ्यासारखीने लिहू नये, ज्यांच्या घरात ती घडली त्यांच्यातल्या कुणी लिहावी, आणि लवकर लिहावी, आणि प्रकाशकांनी ती मुलांसाठी म्हणून छापावी एवढंच म्हणते.

लिहिणाऱ्यांना दोन शब्द. वय लहान म्हणून बारा वर्षांच्या पोराकडून पूल उडवायला लावू नका, हेरांना पकडून देऊ नका. त्या काळातल्या मुलाचं खरं काम वाट बघणं, कंट्रोलच्या (म्हणजे रेशनच्या) दुकानापुढे रांगेत उभं राहणं, आईचा चेहरा बघून गप्प बसणं हे होतं आणि त्यातही भरपूर थरार आहे, लिहिता आला पाहिजे. वस्तू नीट बघा. तांबं युद्धाला लागायचं म्हणून १९४३ पासून भोकाचा पैसा निघाला, पोरं तो दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची, आमच्याकडे अजून तीन आहेत, शनिवारी मुलं ते बोटात घालून बघतात आणि त्या एका पैशावरून मी त्यांना अख्खं युद्ध सांगू शकते. १९४३ च्या सिन्नरच्या घरात चहा असलाच तर गुळाचा असेल, साखर कंट्रोलवर. आणि कृपा करून त्या काळच्या आजीच्या तोंडी आजच्या टीव्ही मालिकेतली भाषा घालू नका, मुलांना लगेच कळतं.

मरण लपवू नका पण ते दाखवत बसू नका. साने गुरुजींनी १९३३ साली आपल्या याच नाशिकच्या तुरुंगात बसून श्यामची आई लिहिली, घराबद्दलचं मराठीतलं सगळ्यात मोठं पुस्तक घरापासून तोडलेल्या माणसाने लिहिलं, आणि त्यातही आई जाते. पिढ्या रडल्या, बिघडल्या नाहीत.

१९७१ च्या युद्धातली गोष्ट सांगते आणि मग ट्रंकेची, मग थांबते. मी सात वर्षांची होते, नाशिकरोडला राहायचो. ओझरला मिग विमानांचा कारखाना, इकडे तोफखाना, त्यामुळे मोठी माणसं घाबरलेली असायची. खिडक्यांना काळा कागद, वडिलांनी स्कूटरच्या दिव्याला अर्ध्यावर काळा रंग दिला होता, भोंगा झाला की दिवे बंद. आजोबा तेव्हा आमच्याकडेच होते. अंधारात बसलेलो असताना ते एकदम बोलायला लागले, जन्मात युद्धाबद्दल चकार शब्द न काढलेला माणूस. म्हणाले, इटलीत एका खेड्यात एका म्हातारीने आम्हाला मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा वाढला. आमच्याकडे बघत बसली आणि मग आतून एक कार्ड आणून दाखवलं. तिच्या पोराचं कार्ड होतं. पोरगा कैदेत. आणि कार्डावर इंडिया लिहिलेलं. आजोबांना इंग्रजी अक्षरं तेवढी लागत होती.

इटलीचे हजारो युद्धकैदी खरंच तेव्हा इकडे होते, भोपाळ, बंगलोर, डेहराडून, कांगड्याकडे योल. म्हणजे तिचा मुलगा आमच्या देशात आणि आम्ही तिच्या दारात. ती सारखी विचारत होती, इंडिया, इंडिया, आणि हाताने विचारायची, तिथे खायला देतात का, थंडी असते का. आजोबांनी मान हलवून सांगितलं, देतात, थंडी नसते. खोटंच सांगितलं म्हणाले, मला काय माहीत तो कुठे होता. मग तिने अजून एक पळी वाढली. आणि आजोबा एवढं बोलून गप्प झाले, दिवे आले, कुणी काही बोललं नाही आणि त्यानंतर ते कधीच त्या विषयावर बोलले नाहीत.

ट्रंक माझ्याकडे आहे. आत दोन्ही भावांची मिळून १९ कार्डं, मनिऑर्डरच्या चिठ्ठ्या, एक मफलर. इटलीत सांग्रो नदीजवळ आणि फोर्लीला हिंदी सैनिकांची नावं कोरलेली स्मारकं आहेत, कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्जच्या वेबसाईटवर नावाने फुकट शोधता येतं, तिथे धाकट्या आजोबांचं नाव मला सापडलं, स्पेलिंग इतकं वेगळं की तीन दिवस लागले, पण त्यांच्या वडिलांचं नाव आणि गाव बरोबर होतं. गाव लिहिलेलं होतं. दगडावर नाही पण रेकॉर्डमध्ये आहे, तालुका सिन्नर.

त्या मुलीला मी ही ट्रंक उघडून दाखवली. ती आता दर शनिवारी एक कार्ड वहीत उतरवून घेते, अक्षर लावायला त्रास होतो, मोडी नाही पण शिसपेन्सिल पुसट झालीय. तिच्या वडिलांची बदली एप्रिलमध्ये होणार असं ऐकलंय, तोवर १९ पूर्ण करायची असं तिने ठरवलंय. मागच्या शनिवारी धाकट्या आजोबांचं शेवटचं कार्ड झालं. त्यात शेवटी आहे, पवळ्याचं शिंग मोडलं होतं ते बरं झालं का ते कळवणे. आजीने त्याचं उत्तर मास्तरांकडून लिहून घेऊन टाकलं होतं, ते फिल्ड पोस्ट ऑफिसातून शिक्के बसून परत आलं, ते बंद पाकीट पण ट्रंकेत आहे, आजीने फोडलं नाही, आईने नाही, मीही नाही.

मुलीने ते पाकीट उजेडाला धरून बघितलं आणि विचारलं, आजी, झालं होतं का बरं शिंग?

तिला मी पाकीट फोडायला दिलं नाही अजून. एप्रिलच्या आत ठरवावं लागेल.

आपली,
एक वाचक,
उपनगर, नाशिक